रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात?

वाचकांचे प्रश्न : वृद्धाश्रमातली सुरक्षितता आणि मनुष्यबळ

वृद्धाश्रम आणि निगा केंद्रांबद्दल आलेल्या पत्रांतून या वेळी सात प्रश्न निवडले आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न : वडील ८२ वर्षांचे आहेत, पक्षाघातानंतर आधार घेऊन चालतात. दोन वृद्धाश्रम पाहिले. दोन्हीकडे चाळीस वृद्ध आहेत आणि ‘आमचा वीसचा स्टाफ आहे’ असं सांगितलं जातं. कायद्याप्रमाणे किती माणसं हवीत? वीस पुरेत का? – एक वाचक, सांगली

कायद्याचं आधी सांगतो, कारण तिथे हाती फारसं लागत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्याबाबतच्या २००७ च्या कायद्याचं कलम १९ सरकारी वृद्धाश्रमांबद्दल आहे : प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम. या वृद्धाश्रमांसाठी केंद्राने नमुना नियम केले. त्यांत झोपण्याच्या खोलीत माणशी ७.५ चौरस मीटर आणि स्वयंपाकघर, जेवणघर वगैरे धरून माणशी १८ चौरस मीटर जागा सांगितली आहे. खासगी वृद्धाश्रमात इतक्या वृद्धांमागे इतके कर्मचारी, असं प्रमाण मात्र या कायद्यात दिलेलं नाही. अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं, पण ते कायद्यात उतरलं नाही. तेव्हा हिशेब तुम्हालाच करावा लागेल.

‘वीस’ हा आकडा उलगडून बघा. त्यातून व्यवस्थापक, ऑफिसचा एक, स्वयंपाकघरातले तीन, धुणं-सफाईचे दोन, दोन वॉचमन आणि एक ड्रायव्हर वजा करा. प्रत्यक्ष वृद्धांना हात लावणारे, म्हणजे मावशी, मामा आणि सिस्टर, उरले दहा. बहुतेक ठिकाणी आठ ते आठ अशी बारा तासांची ड्युटी असते. आठवड्याची सुट्टी आणि आजारपण धरलं तर दहांपैकी रोज आठ हजर असतात. पाच दिवसा, तीन रात्री. तर ‘वीसचा स्टाफ’ म्हणजे रात्री चाळीस वृद्धांमागे तीन माणसं.

आता त्या तिघांना काय काम आहे ते पाहा. समजा चाळीसांपैकी आठजण अंथरुणाला खिळलेले आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. सत्तर किलोच्या माणसाला एकटी मावशी उचलू शकत नाही, ती ओढते. ओढताना चादर आणि हाड यांच्यामध्ये कातडी ताणली जाते आणि माकडहाडापाशी जखम सुरू होते. म्हणून या कामाला दोघं लागतात. डायपर बघणं, बदलणं, पुसणं आणि उशा लावणं धरून एकामागे दहा मिनिटं जातात. आठांची ऐंशी मिनिटं झाली. दोन तासांतली उरलेली चाळीस मिनिटं त्या दोघांना बाकी सगळ्यासाठी. तिसरी मावशी बत्तीस जणांकडे बघते आणि त्यात रात्री चार-चार वेळा लघवीला उठणारे तुमच्या वडिलांसारखे लोकही आले. वृद्ध पडतात ते बहुधा याच वेळी : बेल वाजवली, कोणी आलं नाही, म्हणून एकटेच उठले.

कामाचा अंदाज म्हणून आम्ही हे प्रमाण धरतो; हा नियम नाही, अनुभवाचा आडाखा आहे. स्वतः हिंडणाऱ्या आठ ते दहा वृद्धांमागे दिवसा एक, आधार लागणाऱ्या पाच-सहांमागे एक, खिळलेल्या तीन-चारांमागे एक. रात्री हे निम्म्यावर आलं तर चालतं. पण इमारतीत दोनपेक्षा कमी जागी माणसं कधीच नकोत, वृद्ध दहाच असले तरी. ‘जागी’ हा शब्द महत्त्वाचा. दिवसा काम करून तिथेच झोपणाऱ्या मावशीला रात्रपाळीत मोजणारे वृद्धाश्रम कमी नाहीत.

मागायचे कागद दोनच : गेल्या महिन्याचा ड्युटी चार्ट आणि त्याच महिन्याचं हजेरीपुस्तक. दोन्ही ताडून बघा. चार्टवर नाव असून हजेरीत सही नसेल, तर त्या रात्री ते काम कोणी केलं ते विचारा. शिवाय गेल्या वर्षीच्या गणपतीच्या आठवड्याचा चार्ट मागा. कोकणातले कर्मचारी तेव्हा गावी जातात, दिवाळीत आणि लग्नसराईत उरलेले जातात. त्या दिवसांत बदली माणूस ब्यूरोकडून, म्हणजे कर्मचारी पुरवणाऱ्या संस्थेकडून, येतो की दोघांचं काम एकावर पडतं, हे तिथेच कळतं.

पैशांचा हिशेबही यातूनच लागतो. एका जागेवर चोवीस तास माणूस ठेवायचा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. आठवड्याला ४८ तास काम धरलं तर साडेतीन माणसं, आणि रजा धरून चार ते साडेचार. एका वेळी चारजण जागे हवे असतील तर सोळा ते अठराजण पगारावर लागतात. हाच हिशेब बारा तासांच्या ड्युटीने दहा-बाराजणांत बसवला की माणसाचे आठवड्याला ७२ तास भरतात आणि पहाटे तीन वाजता तो खुर्चीत झोपलेला सापडतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. शेजारच्या वृद्धाश्रमापेक्षा एखाद्याची फी बरीच कमी असेल तर बचत कुठे झाली ते बहुधा याच चार्टमध्ये दिसतं. ताटात नाही, कारण जेवण पाहुण्यांना दिसतं आणि रात्रपाळी दिसत नाही.

प्रश्न : आमच्या ट्रस्टला एक दुमजली बंगला देणगीत मिळाला आहे. पंचवीस वृद्धांची सोय करायची आहे. आगीच्या आणि बांधकामाच्या दृष्टीने काय बदल करावे लागतील? – एका ट्रस्टचे सचिव, नाशिक

घर म्हणून बांधलेली इमारत वृद्धाश्रम म्हणून वापरायची म्हणजे तिचा वापर बदलतो. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्धाश्रम निवासी गटात येत नाही. तो संस्थात्मक इमारतींमध्ये, मुलं, वृद्ध अशांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांच्या उपगटात येतो. म्हणून रंगरंगोटीच्या आधी महापालिकेच्या नगररचना विभागात वापरबदलाची आणि अग्निशमन विभागात ना-हरकतीची चौकशी करा. आगीपासून बचावाची यंत्रणा बसली की परवानाधारक एजन्सी तसं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म ए’, देते. त्यानंतर दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ती चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकली आहे. एजन्सीला पैसे दिले म्हणजे ती टळत नाही.

कागदांपेक्षा मोठी अडचण जिन्याची आहे. वरच्या मजल्यावर खिळलेला एकही वृद्ध ठेवू नका. आगीत लिफ्ट वापरता येत नाही, आणि जिन्यावरून एका माणसाला उतरवायला किमान दोघं लागतात. रात्री तुमच्याकडे दोघंच असतील तर पहिल्याला खाली आणेपर्यंत दुसऱ्याच्या खोलीत धूर भरलेला असतो. माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात. दिल्लीत ग्रेटर कैलाश भागातल्या अशाच एका निगा केंद्रात १ जानेवारी २०२३ च्या पहाटे आग लागली आणि दोन वृद्ध महिलांचा जीव गेला.

खिडक्यांचे गज हा आपल्याकडचा खास धोका. चोराच्या भीतीने सगळीकडे पक्की ग्रिल लावलेली असते. प्रत्येक मोठ्या खोलीत एका ग्रिलला आतून उघडणारं दार करून घ्या. रात्री मुख्य दाराला, विशेषतः ओढायच्या लोखंडी दाराला, कुलूप लागत असेल तर किल्ली दाराजवळच्या काचेच्या पेटीत ठेवा. वॉचमनच्या खिशातली किल्ली वॉचमन चहाला गेला की उपयोगाची नाही.

आगीची कारणं साधी असतात. जिन्याखाली ठेवलेली इन्व्हर्टरची बॅटरी आणि तिच्याभोवती जमलेल्या जुन्या गाद्या हे त्यांतलं सगळ्यात वाईट, कारण धूर थेट सुटकेच्या वाटेवरच येतो. बॅटरी वेगळ्या, हवेशीर खोलीत हलवा. एअर बेडचा पंप, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि चहाची किटली एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतात. प्रत्येक पलंगामागे भिंतीत किमान तीन पक्के सॉकेट काढा आणि किटली खोलीतून हद्दपार करा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती यांतलं काही पेटवायचं नाही. देव्हारा एक सामायिक ठेवा आणि दिवा विझल्याची नोंद रात्रपाळीच्या वहीत करा.

प्रत्येक मजल्यावर १५ मीटरच्या आत हाती येईल असं सहा किलोचं ‘एबीसी’ पावडरचं अग्निशामक हवं. त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे महिन्यातून एकदा बघा. पण सिलिंडर असणं आणि वापरता येणं यात अंतर आहे, तेव्हा सराव करा. तोही सकाळी अकरा वाजता सगळा स्टाफ असताना नको. रात्री दहानंतर, रात्रपाळीच्याच माणसांकडून करून घ्या. एका कर्मचाऱ्याला पलंगावर झोपवा आणि गादीखालच्या चादरीसकट जमिनीवर घेऊन दारापर्यंत ओढायला लावा. आधी शेजारच्या सुरक्षित भागात न्यायचं, मधलं दार लावून घ्यायचं आणि मग बाहेर, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे.

बांधकामात तीन गोष्टी हमखास चुकतात. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर एकास बाराच्या उताराने रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. लोक दोन मीटरमध्ये उरकतात आणि चाकाची खुर्ची सुसाट खाली जाते. दारं पुरेशी रुंद नसतात. मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. आणि न्हाणीघराचं दार आत उघडतं. आत वृद्ध पडला की त्याच्याच अंगाने दार अडतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, आणि कडी बाहेरून नाण्याने उघडेल अशी घ्या.

केंद्राच्या अनुदानाचा विचार असेल तर पंचवीस हा आकडा सोयीचा आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एकात्मिक कार्यक्रमात किमान पंचवीस निराधार वृद्धांच्या वृद्धाश्रमाला मदत मिळते, आणि मग त्या योजनेच्या मनुष्यबळाच्या अटी लागू होतात.

प्रश्न : मी एका वृद्धाश्रमात मावशी म्हणून रात्रपाळी करते. अठरा पेशंट, मी एकटी. सिस्टर संध्याकाळी सातला जातात. गोळ्या, इन्सुलिन आणि नाकातल्या नळीतून फीड (पातळ अन्न) मीच देते. काही झालं तर जबाबदार कोण? – एक भगिनी, ठाणे

ताई, अठराजणांमागे एकटं असणं हेच आधी चूक आहे, आणि ती चूक तुमची नाही. दुसरा माणूस मागणारा अर्ज तारीख घालून लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. उद्या काही घडलं तर हा कागद तुमच्या बाजूने बोलेल.

कामांची विभागणी अशी करा. सिस्टरने नाव लिहून डबीत भरून ठेवलेल्या गोळ्या तुम्ही देऊ शकता. वृद्धाने गोळी गिळल्यावरच सही करा, आधी नाही. दोन कुलकर्णी आजी एकाच खोलीत असतात आणि गोळ्यांची अदलाबदल होते. म्हणून औषधाच्या तक्त्यावर प्रत्येकाचा फोटो लावायला सांगा. नळी घालणं, लघवीची कॅथेटर बदलणं, सलाइन लावणं ही नोंदणीकृत परिचारिकेची किंवा डॉक्टरांची कामं आहेत. ती स्पष्ट नाकारा.

इन्सुलिन आणि नळीतलं फीड शिकवून, लेखी सूचना देऊनच तुमच्याकडे यायला हवं. इन्सुलिनमध्ये नेहमीची गडबड अशी होते : आठच्या ठोक्याला सुई दिली, जेवण पावणेनऊला आलं आणि आजोबांनी दोन घास खाऊन ताट सारलं. जेवणाबरोबर घ्यायचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय देऊ नका. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

नळीतून देताना पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतरही तासभर तशीच ठेवा. नाकापाशी नळीवर केलेली खूण सरकली असेल तर फीड द्यायचंच नाही. सिरिंज उंच धरून फीड आपोआप उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. घाईत ढकललेलं फीड उलटून फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. तेव्हा कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. शेवटी थोडं पाणी घालून नळी धुऊन काढा. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत नकोत, त्यांना पांढरा, न टोचला जाणारा डबा लागतो. तो नसेल तर मागून घ्या. सफाईवाल्या मामांच्या हाताला त्याच सुया लागतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, आई पुण्यातल्या निगा केंद्रात आहे. खोलीतला कॅमेरा मला फोनवर दिसतो. एवढं पुरेसं आहे का? – एक वाचक

कॅमेऱ्यात तुम्हाला आई पलंगावर दिसते. तिची पाठ दिसत नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा तीन नोंदी मागवा : वजन, पडण्याच्या घटना आणि कातडीवरच्या जखमा. वजन महिन्यात पाच टक्क्यांहून अधिक घटलं, म्हणजे पन्नास किलोचं साडेसत्तेचाळीसच्याही खाली आलं, तर भरवायला माणूस कमी पडतोय का हे आधी विचारा. ताट समोर ठेवणं आणि भरवणं यांत अर्ध्या तासाचा फरक असतो. डॉक्टरांना दाखवायचं ते दाखवाच. पडण्याच्या नोंदीत ‘शून्य’ वर्षभर येत असेल तर खूश होऊ नका. पंचवीस-तीस वृद्ध असलेल्या ठिकाणी वर्षात कोणीच पडलं नाही, याचा अर्थ बहुधा लिहिलं जात नाही.

कॅमेरा ठेवाच म्हणत असाल तर आईला सांगून ठेवा, आणि कपडे बदलताना पडदा ओढला जाईल असं पाहा. आठवड्यातून एकदा पुण्यातल्या कोणा नातेवाइकाने न सांगता जाऊन येणं याहून उपयोगी आहे. वेळ संध्याकाळी सातची, पाळी बदलायच्या आधीची.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे. रात्री उठते म्हणून तिचे हात ओढणीने पलंगाला बांधतात. ‘तिच्याच सुरक्षेसाठी’ म्हणतात. – एक वाचक, कोल्हापूर

बांधणं थांबवायला सांगा, आजच. बांधलेली व्यक्ती सुटायला धडपडते, मनगटं सोलली जातात, कपडा गळ्याशी आला तर गुदमरते, आणि लघवीला जाता न आल्याने अंथरुण ओलं होऊन जखमा होतात. पलंगाचे दोन्ही कठडे वर करणं हाही निर्धोक उपाय नाही. कठड्यावरून चढून पडलेला माणूस आणखी उंचावरून पडतो.

आधी ती का उठते ते शोधायचं. लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं, भूक, दिवसभराची झोप ही नेहमीची कारणं. गोंधळ दोन-तीन दिवसांत एकदम वाढला असेल तर लघवीचा संसर्ग किंवा नवीन औषध हे संशयित. डॉक्टरांना लगेच दाखवा. पलंग जमिनीलगतचा करा, शेजारी खाली जाड गादी टाका, न्हाणीघरापर्यंत मंद दिवा ठेवा, आणि झोपण्यापूर्वी व रात्री साधारण एक वाजता न विचारता लघवीला नेऊन आणा. हे सगळं करायला माणूस लागतो, आणि ओढणी त्याच माणसाच्या जागी आलेली असते. झोपेच्या औषधाचंही तसंच. डोस वाढवला असेल तर कोणत्या डॉक्टरांनी, कधी, कशासाठी, हे लेखी मागा.

प्रश्न : वृद्धाश्रमात सोलरच्या पाण्याने वडिलांचा पाय भाजला. अशी काळजी कशी घ्यायची? – सोलापूर

उन्हाळ्यात दुपारनंतर सोलरच्या टाकीतलं पाणी सत्तर अंशांच्या आसपास जाऊ शकतं, आणि वृद्धांची पातळ कातडी काही सेकंदांत भाजते. मधुमेहात पायाला चटका जाणवतही नाही. नळाला तापमान रोखणारा मिक्सर व्हॉल्व्ह बसवायला सांगा. तोपर्यंत बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघितल्याशिवाय अंगावर तांब्या नाही.

प्रश्न : तक्रार कोणाकडे करायची? व्यवस्थापन ऐकत नाही. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

जिवाला धोका असेल तर ११२. इतर बाबतीत ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ मार्ग सांगते. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आणि जिल्ह्याचे समाजकल्याण सहायक आयुक्त, दोन्हीकडे अर्ज द्या. सलाइन, ऑक्सिजन, ड्रेसिंग असे उपचार तिथे होत असतील तर शुश्रूषागृह नोंदणी आहे का, हे महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारा. ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे.

तुम्ही फी भरत असाल तर तुम्ही ग्राहक आहात. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. पावत्या, प्रवेशाचा करारनामा, जखमेचे तारखेसह फोटो आणि तुम्ही केलेले अर्ज जोडा. ड्युटी चार्टची प्रत तक्रार करण्याआधीच मागून ठेवा, कारण तक्रारीनंतर तो नव्याने लिहिलेला मिळतो.